२१ जून: एका दिवसावर डझनभर दिवस



आजचा विषय एका तारखेचा आहे. २१ जून. ही तारीख उजाडली की सकाळी सहापासून मोबाइल वाजायला लागतो. पहिला संदेश योग दिनाचा. त्याच्या पाठोपाठ जागतिक संगीत दिन. मग कुणीतरी पाठवतं, ‘आज वर्षातला सर्वांत मोठा दिवस’. दुपारपर्यंत जिराफाचा फोटो येतो, कारण आज जागतिक जिराफ दिनही असतो. समुद्राच्या नकाशांचा दिवस आजच, स्केटबोर्डचा आजच, सेल्फीचाही आजच. २०२६ साली तर फादर्स डेसुद्धा याच तारखेला आहे. जूनचा तिसरा रविवार १५ ते २१ या तारखांत कुठेही पडतो, तो त्या वर्षी नेमका २१ ला आला.

आपण हसतो आणि विचारतो, ‘एका दिवसाला किती दिवस?’ पण हसून झाल्यावर खरा प्रश्न उरतो. एवढी गर्दी याच तारखेवर का? आणि या गर्दीतला कोणता दिवस मनावर घ्यायचा, कोणता सोडून द्यायचा? आज तेच पाहू.

आधी आकाश

या सगळ्या गर्दीचा मूळ मालक सूर्य आहे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. २१ जूनच्या आसपास उत्तर गोलार्ध सूर्याकडे सर्वांत जास्त झुकलेला असतो. म्हणून इकडे दिवस मोठा, रात्र लहान. दक्षिण गोलार्धात याच्या नेमकं उलट. तिथे ऐन हिवाळा आणि वर्षातली सर्वांत मोठी रात्र.

एक गैरसमज जाता जाता दूर करू. पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा होतो, असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून वर्षातल्या सर्वांत लांबच्या ठिकाणी असते, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. उन्हाळा अंतरामुळे येत नाही, कलण्यामुळे येतो.

‘सर्वांत मोठा दिवस’ म्हणजे किती मोठा? तुम्ही कुठे राहता त्यावर ते ठरतं. आपली मंडळी देशभर पसरलेली आहेत, तेव्हा आपल्याच गावांचा हिशेब करू. तंजावरला त्या दिवशी सूर्योदय ते सूर्यास्त साधारण पावणेतेरा तास. मुंबईत सव्वातेरा. इंदूर आणि बडोद्यात साडेतेरा. ग्वाल्हेरला पावणेचौदा. दिल्लीत चौदाला तीन-चार मिनिटं कमी. एकाच देशात, एकाच दिवशी, तंजावर आणि दिल्ली यांच्यात सव्वा तासाचा फरक! आणखी उत्तरेला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला गेलात, तर त्या दिवशी सूर्य मावळतच नाही.

आणखी एक गंमत. दिवस सर्वांत मोठा असला, तरी सर्वांत लवकरचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. मुंबईत तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच होऊन जातो. सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला येतो. दोन्हींमधलं अंतर मात्र २१ जूनच्या सुमारास सर्वांत जास्त असतं.

सावली हरवते ते गाव

आकाशातली ही गोष्ट जमिनीवर पाहायची असेल, तर उज्जैनला जावं. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं. त्यामुळे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य तिथे जवळजवळ डोक्यावर येतो. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. सपाट गोल ओटा आणि त्याच्या मधोमध उभा केलेला शंकू. एरवी त्याची सावली ओट्यावर लांब-आखूड होत फिरते. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास ती जवळपास दिसेनाशी होते. ढग नसतील, तर शाळेची मुलं आणि गावकरी ते पाहायला जमतात.

ही वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधली. पुढे ती मोडकळीला आली. ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांनी तिच्यासाठी पाठपुरावा केला आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. आपटेच तिचे पहिले अधीक्षक झाले. आज तिथे कुणी सावली हरवताना पाहतो, त्यामागे या दोन मराठी माणसांचे श्रम आहेत.

मुंबई-पुण्यात मात्र २१ जूनला सावली हरवत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा परतताना. मुंबईत हे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला होतं. ग्वाल्हेर आणि दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहेत. तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे दक्षिणायन कर्कसंक्रांतीला, म्हणजे १६ जुलैच्या सुमारास धरतात. मग हे २१ जूनचं काय? दोन्ही बरोबर आहेत, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. सूर्य खरोखर दक्षिणेकडे वळतो तो २१ जूनच्या सुमारास. सूर्य कर्क राशीत कधी जातो, हे आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे या दोन मोजण्यांत साधारण ७२ वर्षांना एक दिवस असं अंतर पडत जातं. शतकानुशतकं साचून ते आता पंचवीस दिवसांच्या आसपास आलं आहे. मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते आणि दिवस मात्र २२ डिसेंबरनंतरच मोठा व्हायला लागतो, त्याचंही कारण हेच.

ज्यांनी हा दिवस आपला मानला

सूर्य थांबतो आणि वळतो, हे माणसाने फार पूर्वी टिपलं होतं. म्हणून जगभर अनेक समाजांनी याच दिवसाभोवती आपला सण बांधला.

बोलिव्हियात आयमारा लोकांचं नवं वर्ष २१ जूनला सुरू होतं. तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी असते. लोक तिवानाकूच्या प्राचीन अवशेषांपाशी रात्र जागून काढतात आणि पहिला किरण आला की दोन्ही हातांचे तळवे त्याच्याकडे करतात. २००९ साली तिथल्या सरकारने या दिवसाला सार्वजनिक सुट्टी दिली.

ग्रीनलंडचा राष्ट्रीय दिनही हाच. तिथल्या भाषेतलं त्याचं नाव आहे ‘उल्लोर्तुनेक’, म्हणजे सर्वांत लांब दिवस. महिनोन्‌महिने अंधार सोसणाऱ्या लोकांनी स्वतःसाठी प्रकाशाचा दिवस निवडला. पुढे २००९ साली त्यांचा विस्तारित स्वशासनाचा कायदा लागू झाला, तोही याच तारखेला.

कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या संघटनांनी आपल्यासाठी एक राष्ट्रीय दिवस असावा, अशी मागणी १९८२ पासून लावून धरली होती. तिला यश आलं १९९६ साली. तारीख ठरली २१ जून, कारण त्यांच्यातले अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या या सुमारास उत्सव करत आले होते. म्हणजे सरकारने दिवस जाहीर केला, पण तो शोधला लोकांनी.

सरकारी शिक्क्याचे दिवस

आता आपल्या ओळखीच्या दिवसांकडे वळू. आंतरराष्ट्रीय योग दिनाची कल्पना भारताच्या पंतप्रधानांनी २७ सप्टेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडली. ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव मतदानाशिवाय मंजूर झाला. १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते. अडीच महिन्यांत एवढा पाठिंबा मिळणं ही मोठीच गोष्ट होती. पुढच्या वर्षी, २१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योगासनं केली आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. तारीख निवडतानाही वर्षातला सर्वांत मोठा दिवस हेच कारण सांगितलं गेलं होतं.

असे दिवस ठरतात कसे, हेही समजून घेऊ. एखादा देश प्रस्ताव आणतो, इतर देशांचा पाठिंबा मिळवतो आणि आमसभा ठराव करते. ठराव झाला म्हणून कुठल्याही देशाला सुट्टी द्यावी लागत नाही, पैसाही आपोआप मिळत नाही. मिळतं ते फक्त निमित्त. त्या निमित्ताचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

याच तारखेला जागतिक जलालेखन दिन असतो. शब्द अवघड आहे, काम समजायला सोपं आहे. समुद्राचा तळ कुठे किती खोल आहे, खडक कुठे आहेत, भरती-ओहोटी कशी आहे, हे मोजायचं आणि जहाजांसाठी नकाशे करायचे. २१ जून १९२१ रोजी मोनॅकोत या कामासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, म्हणून ही तारीख. इथे सूर्याचा संबंध नाही, वाढदिवसाचा आहे. भारताच्या समुद्राचे नकाशे करणारं राष्ट्रीय कार्यालय कुठे आहे, सांगा पाहू? मुंबईत नाही, कोचीतही नाही. ते आहे देहरादूनला, हिमालयाच्या पायथ्याशी!

हसू येतं खरं, पण या दिवसामागचं काम मोठं आहे. आपल्या घरात येणारं खनिज तेल, खाद्यतेल, यंत्रं यांतला मोठा वाटा समुद्रमार्गे येतो. जहाजाच्या कप्तानाला खालचं दिसत नाही. त्याचा भरवसा नकाशावर. आणि जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा आजवर नीट मोजला गेला आहे. एरवी या लोकांची आठवण कोण काढणार?

संगीत: एक दिवस नीट कसा घडवावा

माझ्या मते, या तारखेवरचा सर्वांत शहाणपणाने घडवलेला दिवस संगीताचा. फ्रान्समध्ये १९८२ साली जॅक लांग सांस्कृतिक मंत्री होते आणि मॉरिस फ्लरे संगीत विभागाचे संचालक. एका पाहणीतून त्यांच्या लक्षात आलं की देशात सुमारे ५० लाख लोक कुठलं ना कुठलं वाद्य वाजवतात. तरुणांत तर दोघांमागे एक. मग हे सगळे वाजवतात कुठे? घरात, दार लावून! रस्त्यावर काहीच ऐकू येत नाही.

त्यांनी ठरवलं, वर्षातून एक संध्याकाळ सगळ्यांनी बाहेर यायचं. नियम दोनच. कुणीही वाजवू शकतो, शिकाऊ असो की उस्ताद. आणि ऐकणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. नावातही श्लेष होता. फ्रेंचमध्ये ‘संगीताचा उत्सव’ आणि ‘संगीत करा’ या दोन्हींचा उच्चार एकसारखाच होतो. तारीख २१ जून, कारण संध्याकाळ लांब, उजेड उशिरापर्यंत. आज जगभर शेकडो शहरांत हा दिवस होतो.

यातली खुबी पाहा. या दिवसात करण्यासारखं काहीतरी आहे. फक्त शुभेच्छा पाठवून तो पार पडत नाही. पेटी काढावी लागते, तबला जुळवावा लागतो, अंगणात बसावं लागतं.

जिराफ, स्केटबोर्ड आणि सेल्फी

जिराफाचा दिवस एका प्राणीसंवर्धन संस्थेने २०१४ मध्ये सुरू केला. सर्वांत लांब मानेच्या प्राण्याला सर्वांत लांब दिवस. दक्षिण गोलार्धात असाल, तर सर्वांत लांब रात्र! कल्पना गमतीची, पण तिच्यामागची आकडेवारी गंभीर आहे. १९८५ मध्ये जंगलातले जिराफ दीड लाखाहून अधिक होते, २०१५ पर्यंत ते एक लाखाच्या खाली आले. २०१६ मध्ये जिराफाची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत झाली. वाघ कमी झाले हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिराफ चित्रात एवढा दिसतो की तो कमी होतोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी एक विनोदी तारीख उपयोगी पडते.

स्केटबोर्डचा दिवस अमेरिकेतल्या स्केटबोर्ड कंपन्यांच्या संघटनेने २००४ मध्ये सुरू केला. उद्देश उघड आहे, फळ्या विकल्या जाव्यात. पण त्या दिवशी मुलं खरोखर घराबाहेर पडून खेळतात, हेही खोटं नाही. सेल्फीचा दिवस टेक्सासमधल्या एका रेडिओ निवेदकाने २०१४ च्या सुमारास काढला. त्याला ठराव लागला नाही की शिक्का. एकाने म्हटलं, बाकीच्यांनी उचललं.

म्हणजे एखादा दिवस ‘दिवस’ व्हायला चार वाटा आहेत. आकाश, लोकपरंपरा, सरकारी ठराव आणि चौथी वाट बाजाराची किंवा कुणा एकाच्या डोक्यातली. मोबाइलवर मात्र चारही एकाच मापाच्या चित्रात, फुलांच्या चौकटीत येतात. त्यामुळे सगळे सारखेच वाटतात. आणि ज्याला खरोखर आपल्या लक्षाची गरज असते, तो त्या गर्दीत हरवून जातो.

गर्दीत हरवलेला एक दिवस

असाच एक दिवस सांगतो. एएलएस नावाचा आजार आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी यात एकेक करून मरत जातात. आधी हातातून कप निसटतो, मग चालणं अवघड होतं, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बहुतेकांची बुद्धी आणि जाणीव मात्र पुष्कळ काळ शाबूत असते. आपलं शरीर आपल्यासमोर बंद पडत जाताना माणूस पाहत असतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार एकविसाव्या वर्षी झाला. ते त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं जगले, पण तो अपवाद. बहुतेकांच्या वाट्याला निदानानंतर काही मोजकी वर्षंच येतात.

या रुग्णांच्या संघटना १९९७ पासून २१ जून हा आपला दिवस मानतात. का, ठाऊक आहे? या दिवशी सूर्य वळतो. त्यांनी म्हटलं, या आजाराच्या संशोधनालाही असंच वळण मिळावं. एवढी साधी आशा.

आता दुसरी गोष्ट आठवा. २०१४ च्या उन्हाळ्यात लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत होते आणि त्याचे व्हिडिओ टाकत होते. आपल्याकडेही ते पोचलं होतं. अनेकांना वाटलं, काय हा वेडेपणा! तो वेडेपणा याच आजारासाठी होता. अमेरिकेतल्या एका संघटनेकडे त्या काही आठवड्यांत सुमारे ११ कोटी ५० लाख डॉलर जमले. त्या पैशातून जे संशोधन झालं, त्यातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित एक नवं जनुक सापडायला मदत झाली.

बादलीभर पाण्याने जे साधलं, ते नुसत्या तारखेने वर्षानुवर्षं साधलं नव्हतं. कारण बादलीत कृती होती. कुणी काहीतरी केलं, मग दुसऱ्याला म्हटलं, आता तू कर.

हे आपल्याला नवीन नाही. आपला एकही सण नुसत्या शुभेच्छांवर चालत नाही. गुढीपाडव्याला गुढी उभारावी लागते. पोळ्याला बैल धुवावा लागतो, त्याच्या शिंगांना रंग द्यावा लागतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नसतं. म्हणून पोळा बैलाच्या उपयोगाचा सण आहे. बैलाचं नुसतं चित्र एकमेकांना पाठवलं असतं, तर बैलाला काय मिळालं असतं?

तीन प्रश्न

तेव्हा कुठलाही ‘आजचा विशेष दिवस’ समोर आला, की तीन प्रश्न विचारा. एक, हा कुणी ठरवला? आकाशाने, लोकांनी, सरकारने की दुकानाने? दुकानाने ठरवला म्हणून वाईट, असं नाही. पण माहीत असावं. दोन, हीच तारीख का? कारण नीट सांगता आलं, तर त्यामागे बहुधा काही विचार असतो. आणि तीन, सर्वांत महत्त्वाचा, या दिवशी करायचं काय?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो संदेश पुढे न पाठवता सोडून द्या. उत्तर असेल, तर एकच दिवस निवडा. एका तारखेचे डझनभर दिवस कुणालाच साजरे करता येणार नाहीत आणि तशी गरजही नाही.

येत्या २१ जूनला योग आवडत असेल, तर चटई अंथरा, आणि दुसऱ्या दिवशीही अंथरा. गाता येत असेल, तर गॅलरीत बसून गा. उज्जैन-इंदूरकडे असाल, तर मुलांना घेऊन वेधशाळेत जा आणि शंकूची सावली नाहीशी होताना दाखवा. ओळखीत कुणी दीर्घ आजाराने घरात अडकलेलं असेल, तर त्यांच्याकडे तासभर जाऊन बसा. रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला तेवढा एक तास मोकळा मिळू द्या. त्या घरात रोजचाच दिवस फार मोठा असतो.

तुमच्या गावात २१ जूनला काय होतं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.